भुरट म्हणजे कुसळ नव्हे

राजस्थानी लोककथेचा एक मराठी अनुवाद अलीकडे तपासण्यासाठी हाती आला. त्यात दुष्काळातली एक बाई दिवसभर 'कुसळे' वेचते आणि रात्री त्यांची भाकर थापते. मराठी वाचक इथे थबकणारच. कुसळे खाऊन कोण जगेल? मूळ शब्द विचारला. तो होता 'भुरट'.

कुसळ म्हणजे गवताच्या दाण्याला असलेले ताठर, केसासारखे टोक. आपल्या माळावरच्या कुसळी गवताचा दाणा बाणासारखा एकाच दिशेने घुसतो. भुरटाची तऱ्हा निराळी. थरच्या मोकळ्या वाळूत, जैसलमेर-बाडमेर-बिकानेरकडे, ते पावसाबरोबर उगवते आणि हंगाम सरताच वाळते; वर्षायूच ते. त्याच्या कणसावर काटेरी बोंडे दाटीने लागतात. काट्यांचे सूक्ष्म दात मागे वळलेले असतात, म्हणून बोंड कपड्यात सहज शिरते, निघताना मात्र धागा ओढत निघते. त्याचे भाईबंद अंजन गवत बहुवर्षायू. त्याचे केस मऊ. ओळख पटवायला बोट पुरे. (मराठी कानाला 'भुरट' ऐकून भुरटा चोर आठवतो. व्युत्पत्तीचा दावा नाही, पण दुसऱ्याच्या धोतराला धरून गाव सोडणाऱ्या या बोंडाला ते शोभते खरे.)

मात्र या कवचात एक ते तीन कणिशके असतात, आणि त्यांतला दाणा खाण्याजोगा. बोंडे कांडून काटे वेगळे करायचे, दाणे दळायचे, असेल तर बाजरीचे पीठ मिसळायचे: थरमधल्या दुष्काळाचे हे अन्न. आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यातही हेच गवत 'क्रॅम-क्रॅम' नावाने वाढते आणि तिथेही टंचाईत माणसे ते गोळा करत आली आहेत. रॉक्सबर्गच्या 'फ्लोरा इंडिका'त १८२० साली ते 'सेंक्रस बायफ्लोरस' म्हणून नोंदले गेले. 'सेंक्रस'मागचा ग्रीक शब्द भरडधान्याचा आहे. गंमत अशी, की २०१० साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी बाजरीलाही याच प्रजातीत आणून बसवले. त्या बाईच्या परातीत ही दोन्ही पिठे केव्हाच एक झाली होती.

'कुसळ' लिहिले की तिची भूक अद्भुतकथा होते. 'भुरट' ठेवले की तिचे श्रम दिसतात. पुढच्या खर्ड्यात ती भुरट कांडते आहे. तळटीप मात्र मी देऊ दिलेली नाही.