अडलेली तोटी

घरातल्या वस्तू माणसाला दोन प्रकारे त्रास देतात. काही बिघडतात, तर काही नुसत्या अडतात. बिघडलेल्या वस्तूची तक्रार लगेच कानावर येते. दिवा लागला नाही की अंधार होतो, नळ गळू लागला की रात्रभर थेंब ऐकू येतो, आणि कोणीतरी उठून कारागिराला बोलावते. अडलेल्या वस्तूचे तसे नसते. ती आपले निम्मे काम करीत राहते आणि उरलेले निम्मे घरातल्या कोणा एकाच्या अंगवळणी पाडते. तो एक जण कोण, हे घरातल्या इतरांना पुष्कळदा ठाऊकही नसते.

बंगळूरच्या जालहळ्ळी भागातील एका घरात 2024 सालच्या उन्हाळ्यात हे उमगण्याची वेळ आली. घर बेळगावहून आलेल्या एका गृहस्थांचे. 1978 साली ते एचएमटीच्या घड्याळ कारखान्यात लागले. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने 1961 साली उभा राहिलेला तो कारखाना तेव्हा ऐन भरात होता. भिंगातून पाहत, चिमट्याने केसाएवढी सूत्रे जागेवर बसविण्यात त्यांची उमेद गेली. केंद्र सरकारने 2016 च्या जानेवारीत ती घड्याळ कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली, तेव्हा ते निवृत्त झालेले होते. आपल्या हातांविषयी मात्र त्यांना थोडा अभिमान उरला होता. शेजारीपाजारी एखादे जुने घड्याळ थांबले की ते अजूनही त्यांच्याकडेच येई.

त्या उन्हाळ्यात त्यांच्या पत्नी लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेल्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच स्वयंपाकघर एकट्याच्या वाट्याला आले. ओट्याच्या कडेला दोन कुंड्यांचे सिंक होते. डाव्या कुंडीत खरकटी भांडी, उजवीत तांदूळ, भाजी आणि पिण्याच्या पाण्याची भांडी, अशी घराची रीत. पहिल्याच सकाळी त्यांनी तांदळाचे पातेले उजव्या कुंडीत ठेवले आणि नळाची तोटी तिकडे वळवायला हात लावला. तोटी जागची हलली नाही. ती डाव्या कुंडीवर तोंड करून जणू भिंतीत चिणल्यासारखी उभी होती. 

तेव्हा त्यांना आठवले. दोनेक वर्षांपूर्वी पत्नींनी म्हटले होते, “अहो, तोटी जड झालीये, जरा बघाल का?” त्यांनी “उद्या पाहू” असे उत्तर दिले होते. मग तो विषय पुन्हा निघाला नाही. निघाला नाही म्हणजे मिटला, असे त्यांनी धरून चालले होते.

दोन्ही कुंड्यांच्या मधल्या कठड्यावर एक जाड फडके घडी करून ठेवलेले असे. शेजारी बूड चेपलेला स्टीलचा तांब्या. फडके ओटा पुसण्याचे असावे, असे त्यांना इतके दिवस वाटत होते. आता ते पातेल्यापाशी उभे राहिले आणि दोन्ही वस्तूंचा अर्थ लागला. डाव्या कुंडीत तांब्या भरायचा, कठड्यावरून उचलून उजवीकडे ओतायचा, भरलेला तांब्या आपटून आवाज होऊ नये म्हणून मध्ये फडके. तांदूळ तीन पाण्यांनी धुवायचे तर सहा तांबे, भाजीला चार, पिण्याचे पातेले भरायला दहाबारा. दिवसाचे किती तांबे, आणि दोन वर्षांचे किती, हा हिशेब त्यांनी अर्ध्यावरच सोडून दिला. पत्नी रात्री उजव्या मनगटाला मलम चोळून झोपत, ते ते वयाच्या खात्यावर टाकीत आले होते. मनगटाचा आणि तांब्याचा खरोखर संबंध होता की नाही, हे वैद्यच सांगू शकला असता. पण ही शंकाही त्यांना त्यापूर्वी कधी आली नव्हती.

त्यांनी दोन्ही हातांनी तोटीला हिसका दिला. भिंतीतून करकर असा आवाज आला आणि ते दचकून थांबले. तोटी न सुटता भिंतीतला सांधाच निखळला असता, तर फरशा फोडाव्या लागल्या असत्या. ज्या हातांनी आयुष्यभर बळ आवरायचे शिकले होते, त्यांनी आज ते का वापरावे, याची त्यांना लाज वाटली.

अशा नळाची रचना साधी असते. भिंतीतून आलेल्या पितळी धडाला हंसाच्या मानेसारखी वाकलेली नळी एका नटाने जोडलेली असते. सांध्यात एक रबरी कडे असते. पाणी बाहेर येऊ न देणे आणि मान फिरू देणे, ही दोन्ही कामे ते एकटे करते. पण या शहरात नळापर्यंत येणारे पाणी एक नव्हे. कावेरीचे पाणी 1974 सालापासून बंगळूरला येते. सुमारे शंभर किलोमीटर दुरून, जवळजवळ पाचशे मीटर उंची चढवून ते टप्प्याटप्प्याने वर आणावे लागते. ते जिथे पुरत नाही तिथे कूपनलिका. त्या हजार फुटांहून खोल गेलेल्या असतात, आणि खडकाच्या भेगांत मुरलेले त्यांचे पाणी चुना विरघळवूनच वर येते. असे पाणी सांध्यात झिरपून सुकले की त्यातला कर्बवायू निघून जातो आणि मागे पांढरा दगड उरतो. रोज एक पापुद्रा. तोटी रोज इकडून तिकडे फिरत असेल तर तो पापुद्रा घासून निघतो. एक दिवस ती जड लागली म्हणून फिरवायची टाळली, की दुसऱ्या दिवशी ती अधिक जड होते. त्या साली तर पाऊस दगा देऊन गेल्यामुळे शहरातल्या हजारो कूपनलिका आटल्या होत्या, दारोदार टँकर फिरत होते, आणि मार्चमध्ये उपाहारगृहांपासून मोठ्या गृहसंकुलांपर्यंत नळांच्या तोंडाला प्रवाह कमी करणाऱ्या जाळ्या बसविण्याची सक्ती झाली होती. शहर थेंब मोजत असताना या घरात तांबे मोजले गेले नव्हते.

त्यांनी गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला आणि नळ उघडून उरलेले पाणी काढून टाकले. मग लिंबाच्या रसात भिजवलेले फडके नटाभोवती गुंडाळले. पांढऱ्या थरावर बारीक बुडबुडे उठू लागले. आंबटपणाने चुना विरघळतो आणि त्यात कोंडलेला वायू मोकळा होतो, त्याची ती खूण. आम्ल फार वेळ राहिले तर वरचा क्रोमचा मुलामा मरतो, म्हणून तासाभराने फडके काढायचे, पुसायचे आणि पुन्हा नवे लावायचे, असे त्यांनी तीनदा केले. चौथ्या तासाला नटाला कापड गुंडाळून, ओरखडा उठू नये इतक्या बेताने, त्यांनी पाना लावला. नट किंचित सरकला, थांबला, आणि मग सुटला.

आतले रबरी कडे चपटे, कडक आणि एका बाजूने चिरलेले निघाले. ते खिशात घालून ते नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. “नल्ली” एवढा कन्नड शब्द पुरला. दुकानदाराने जुने कडे बोटांत फिरवून पाहिले आणि डब्यातून त्याच मापाचे नवे दिले. किंमत चहाच्या पेल्याएवढी. साधे तेल किंवा व्हॅसलीन काही रबरांना फुगवते, म्हणून त्यांनी सिलिकोनचे ग्रीस मागून घेतले. पाणी आत जाऊ नये म्हणून घड्याळाच्या मागच्या झाकणाखालीही असेच कडे असते आणि त्यालाही याच ग्रीसचा पुसट हात लागतो. कमी लावले तर कडे कोरडे पडते, जास्त लावले तर धूळ धरते. हे त्यांना चाळीस वर्षे ठाऊक होते. घरातल्या नळाला ते लागू पडते, एवढे मात्र मनात आले नव्हते.

सांध्यातला उरलेला चुना जुन्या दातांच्या ब्रशाने घासून, कडे बसवून त्यांनी नट आवळला; आधी हाताने, मग पान्याने पाव फेरा. पाणी सोडले. थेंब आला नाही. त्यांनी एका बोटाने तोटीला ढकलले आणि ती उजव्या कुंडीवर जाऊन थांबली. सारे काम मिळून एक दिवस लागला होता, आणि त्यातलाही पुष्कळसा वेळ लिंबाचाच.

पत्नी दीड महिन्याने परतल्या. त्यांनी मुद्दामच काही सांगितले नाही. दुसऱ्या सकाळी त्यांनी दारातून पाहिले. उजव्या कुंडीत तांदूळ होते, आणि बाई डाव्या कुंडीत तांब्या भरीत होत्या. तांब्या फडक्यावरून उचलला गेला, ओतला गेला, पुन्हा भरायला गेला. हाताला दुसरी वाट आठवतच नव्हती.

“अगं, तोटी फिरव ना,” ते शेवटी म्हणाले.

त्यांनी ओल्या हाताच्या पाठीने तोटीला हलकेच लावले. ती सरकन वळली आणि पाणी तांदळावर पडू लागले. त्या क्षणभर पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “एका दिवसाचं काम होतं होय?”

त्यावर त्यांना काही बोलता आले नाही. त्यांनी पुढे होऊन कठड्यावरचे फडके उचलले आणि दोरीवर वाळत घातले.