डोळा मुका आहे

तत्त्वज्ञानात एक जुनं भांडण आहे. डोळा नुसता दाखवतो, की जग असं असं आहे म्हणून काही सांगतोसुद्धा? तुम्ही म्हणाल, ही पंडिती उठाठेव आपल्याला कशाला? तर ऐका. हे भांडण आपल्याच अंगावरचं आहे.

भाईंदर-मिरारोडला खोली बघायला जा. दलाल कपडे बघतो, चेहरा बघतो, गोड बोलतो. मग हळूच विचारतो, आडनाव काय? डोळ्याला जात दिसत असती तर विचारलं कशाला असतं?

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त लिहून ठेवलंय. १९०१च्या सुमाराला मसूर स्टेशनावर ते आणि सोबतची पोरं उतरली. नवे सदरे, झगमगीत टोप्या. स्टेशनमास्तरला वाटलं बामणाची पोरं. आपुलकीनं चौकशी केली. महार म्हटल्याबरोबर त्याचा चेहरा पालटला, तो बाजूला झाला. पोरं तीच, डोळाही तोच. बदललं ते डोक्यात.

कुमारिल भट्ट तर म्हणून गेला की ब्राह्मणत्व डोळ्यांनाच दिसतं, फक्त आईबाप कोण ते ठाऊक पाहिजे. वा रे वा! सांगितल्याशिवाय दिसत नाही ते दिसणं कसलं? त्याच्या आधीच बौद्ध दिङ्नागानं 'प्रमाणसमुच्चया'त बजावलं होतं : कल्पना वगळून उरतं ते प्रत्यक्ष. नाव जोडणं, जाती जोडणं ही कल्पना. त्याची 'जाती' म्हणजे गायपण, घोडेपण, सगळंच. पुढं धर्मकीर्तीनं थेट नेम धरला. जातीचा ताठा त्यानं मूर्खपणाच्या पाच खुणांत बसवला.

कुणी म्हणेल, सवयीनं डोळाच तसा बनतो. खरंय. भाईंदरची मिठागरं गाडीतून बघणाऱ्याला नुसती पांढरी. तिथं राबणाऱ्याला मात्र बघताक्षणी कळतं, कुठलं मीठ ओढायला आलंय. पण ते शिकलेलं आहे, जन्मताना डोळ्यात आलेलं नाही. मिठाचं शिकलेलं पाण्याशी, उन्हाशी ताडून बघता येतं. जातीचं कशाशी ताडणार? ते पढवलेलं, आणि पढवलेलं मोडता येतं.

म्हणून डोळ्याच्या नावावर कुणाला सुटू देऊ नका. 'मला तसं दिसलं' म्हणणाऱ्याला विचारा : दिसलं काय, जोडलं काय? जोडलं त्याचा जाब द्यावाच लागेल.

आणि दोस्तहो, सुरुवात आपल्या वस्तीतनं करा. पोटजात आपणही हुंगतोच की!