माळ्यावरचा धूर

भंडारदऱ्याकडे उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. ऐनाच्या फांद्या, पालापाचोळा, शेण, वर मातीचा हात. मग दिवसभर शेताशेतांतून धूर सरपटत राहतो. माझ्या आजोळी तो बारमाही मुक्कामाला असे. चुलीवरच्या माळ्याला बियाण्याची कणसं टांगलेली असत. आजी म्हणायची, "धूर लागलेल्या बियाला कीड लागत नाय." पुढे नाशिकला शिकायला गेलो, तिथे माझ्या सदऱ्याला येणाऱ्या वासामुळे पोरं बाकावर लांब सरकत. तो सदरा मी तीनतीनदा धूत असे.

पुण्यात, पस्तिशीनंतर, एका मित्राने परदेशातून आणलेली दहा वर्षांची लाफ्रोइग व्हिस्की ओतली. कुणी म्हणालं आयोडीन, कुणी म्हणालं दवाखाना. मी ग्लास नाकाशी धरला आणि बराच वेळ प्यायलोच नाही. ते आजीचं आढं होतं, काजळी धरलेलं.

मग मी त्या धुराच्या मागेच लागलो. तो पीटचा निघाला. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचून दबलेलं शेवाळ आणि गवत. ती जिथे बनते त्या स्कॉटलंडच्या आयला बेटावर झाडं थोडी, तेव्हा हेच कापून, वाळवून जाळायचे. सातू भिजवायचे, मोड आणायचे आणि मोड पुढे वाढू नयेत म्हणून पीटच्या धगीवर वाळवायचे. त्या वेळी दाण्याला बसलेला धूर पुढे भट्टीतून, पिंपातून थेट पेल्यापर्यंत टिकतो. हे वाचताना मला आजीचं ओलं फडकं दिसलं. सत्त्वासाठी नाचणी भिजवून ती त्यातच बांधून ठेवायची आणि मोड आले की उन्हात पसरायची.

दुकानात लोक धुराचं प्रमाण सांगणारा पीपीएमचा आकडा विचारतात. तो मोड आणून वाळवलेल्या सातूचा असतो, बाटलीतल्या दारूचा नव्हे. लागावुलिन आणि कोल ईला या दोघींना साधारण सारख्याच धुराचे सातू लागतात, तरी पहिली जड आणि गोडसर, दुसरी हलकी. म्हणून मी आकड्यापेक्षा नाकावर विसंबतो. नवख्याला आधी स्काय बेटावरची टॅलिस्कर देतो; तिच्यात धुराबरोबर मिरीचा झणका असतो. पिंपात वर्षं वाढली की धूर विरत जातो, त्यामुळे मला कमी वयाची बाटली प्यारी. बर्फ कधीच नाही, थंडीने वास मिटतो. चमचाभर पाणी मात्र हवं.

आपल्याकडेही हे होतं, याचा मला फार आनंद आहे. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन बनते. तिच्या 'बोल्ड'ला पीट आयलाचं आणि सातू भारतातले. तिथल्या उष्म्यात पिंपातली दारू स्कॉटलंडपेक्षा कितीतरी भरभर उडून जाते आणि थोड्या वर्षांतच पिकतेही.

गेल्या मे महिन्यात तीच बाटली घेऊन मामाकडे गेलो. १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदऱ्याच्या विल्सन धरणाचं पाणी खाली उतरलेलं, पलीकडच्या उतारावर कुणाचा तरी राब धुमसत होता. मामाने स्टीलच्या पेल्यात नाक घातलं, डोळे मिटले.

"आईचा माळा रे," तो म्हणाला. मग आम्ही फारसं बोललो नाही.

पेले तसेच ओट्यावर राहिले. मामीकडे आता गॅस आहे. सकाळी तिने घासायला पेला उचलला, थबकली, पुन्हा हुंगला आणि मला विचारलं, "रात्री चूल पेटवली होती का रे?"