भाकरीची वाटणी

पांढुर्णा-सौंसर या आमच्या मराठी मुलखात घरची शेवटची भाकर कुत्र्याची, हा जुना रिवाज आहे. १९५६ साली नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. सरहद्दी हलल्या, भाकरीचा रिवाज तेवढा टिकला. तुकडा टाकावा आणि विसरून जावे, अशी त्याची रीत. काकाजींच्या संत्र्याच्या बागेतील मोत्या तो तुकडा अर्ध्या मिनिटात संपवी. मग उरलेला दिवस, साखळी आणि तो.

रिकामपणाने तो बिघडत गेला. ठिबकच्या नळ्या चावू लागला, दिवसभर भुंकू लागला. मृग बहाराच्या तोडीला मजूर येईनात, तेव्हा त्याला कन्हानपलीकडे सोडून येण्याचे काकाजींनी ठरविले. मी एक महिना मागून घेतला.

रोजचे अन्न तेवढेच ठेवले. त्याचे तीन वाटे केले. पहिल्या वाट्याचे हरभऱ्याएवढे तुकडे ‘ये’, ‘बस’, ‘थांब’ यांसाठी. सांगितलेले केले की त्याच क्षणी तुकडा द्यायचा. थोडाही उशीर झाला, तर मधल्या वेळात केलेल्या भलत्याच गोष्टीशी तो बक्षीस जोडतो. दुसरा वाटा गोणपाटाखाली, वाळल्या पाचोळ्यात लपवायचा. आरंभी त्याच्यादेखत, पुढे नकळत. नाक जमिनीला लावून तो अर्धा अर्धा तास शोधीत राही आणि मग शांत झोपे. तिसरा वाटा संध्याकाळी ताटलीत. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींना घातक. म्हणून फोडणीचे वरण बंद झाले.

आत्याबाईंना हे रुचले नाही. “अन्नाले अट नसते, बापा,” त्या म्हणाल्या. भाकर पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा ज्या घरात सांगितली जाते, तेथे हा आक्षेप सहज झटकता येत नाही. पाव्हलॉव्हला १९०४ साली पचनक्रियेवरील संशोधनासाठी नोबेल मिळाले. परंतु त्याच्या प्रयोगशाळेतील बांधलेली कुत्री आठवली की आत्याबाईंचेच म्हणणे पटते. भुकेचा चाबूक करणे हे पापच. मात्र १९६३ साली जेन्सन या अभ्यासकाने पाहिले, की समोर फुकट अन्न असतानाही उंदीर कळ दाबून अन्न मिळविणे पसंत करतात. प्राण्याला पोटाबरोबर उद्योगही हवा असतो, एवढे त्यातून उमगते. म्हणूनच तिसरा वाटा कधीही रोखला नाही. दिवसभरात काही जमो वा न जमो, ताटली भरलेली असे. तो वाटा आत्याबाईंचा, असेच मी मानले.

चौथ्या आठवड्यात बागेतून रानडुक्कर उठले आणि मोत्या त्यामागे सुसाट रस्त्याकडे निघाला. समोरून ट्रक येत होता. काकाजींनी ‘ये’ अशी एकच हाक दिली. तो अडखळला, वळला आणि त्यांच्या पायाशी येऊन बसला. काकाजींच्या खिशात त्या दिवशी तुकडा नव्हता. त्यांनी नुसता हात त्याच्या मस्तकावर ठेवला. कन्हानपलीकडचा विषय त्यानंतर निघाला नाही.

मोत्या अजूनही परक्यावर भुंकतो, राखणदाराने भुंकावेच. साखळी केवळ तोडीच्या वेळेपुरती उरली आहे. आणि आत्याबाई हल्ली भाकर थापता थापता विचारतात, “आज त्याचा वाटा कुठी लपवला?”