न सांगता

आमच्याकडे घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. पाहुणा असो, घरचा मुलगा असो, की पाच मिनिटांसाठी पिठाच्या गिरणीवर निघालेला माणूस असो, उंबऱ्यावर क्षणभर थांबून 'येतो' म्हटल्याशिवाय पाय बाहेर पडत नाही. माझ्या काँप्युटरवर हा संस्कार कुणी केला नव्हता. 2023 सालच्या उन्हाळ्यात तो रोज, आणि काही दिवस तर चार-चार वेळा, एक अक्षर न बोलता निघून जाऊ लागला.

मी चित्रकलेचा मास्तर. मॅट्रिक, आणि वर चित्रकलेची पदविका, एवढ्या भांडवलावर मानवतजवळच्या आमच्या गावी वीसेक वर्षे मुलांना आंबा, मडके आणि डोंगराआडचा सूर्योदय काढायला शिकवतो आहे. (आमच्या गावाभोवती दहा कोसांत डोंगर नाही, तरी सूर्य मुलांच्या वहीत डोंगराआडूनच उगवतो.) उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. पहिल्या दोन हाताने लिहिल्या. तिसरीच्या वेळी मनगटाने असहकार पुकारला, तेव्हा परभणीत टायपिंगचा एक वर्ग बंद पडत होता, तिथून हा टेबलावरचा काँप्युटर जुन्या भावात उचलला. डबा, पडदा, कळफलक आणि वीज गेली तर पाच मिनिटे दम धरणारी बॅटरीची पेटी, असा सगळा संसार छोट्या टेंपोतून घरी आला.

तो ठेवायला जागा एकच होती, मधली खोली. तिथे एका कोपऱ्यात मायची बाज होती आणि उरलेल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस. आदल्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. तो आकडा आम्हा सगळ्यांच्या डोक्यात असा काही बसला, की 2022 च्या दिवाळीनंतर वेचलेला माल कुणी बाजारात नेईना. लांब धाग्याचा हमीभाव होता 6380 रुपये, बाजारात आठ हजारांच्या आगेमागे मिळत होते, आणि आम्ही शहाणे दहा हजारांची वाट पाहत कापूस घरात कोंडून बसलो होतो. माय जानेवारीतच म्हणाली होती, "बापू, दारात आलेला भाव माघारी लावू नाई." मी हसलो होतो. पाठीशी कापसाची पांढरी भिंत, समोर पडदा. कादंबरीकाराला याहून मऊ एकांत कुठे मिळणार, असे मला वाटे.

मार्च संपता संपता ते घडले. चौदावे प्रकरण चालले होते. नायकाचा बाप वारतो त्या रात्रीचे. कादंबरीतला बाप कुणाचा बाप होता हे वाचकाला कळण्याचे कारण नाही. मला ठाऊक होते. वर्षभर टाळलेली ती तीन पाने त्या दुपारी सलग उतरली. लिहिताना हात थांबला नाही, म्हणून मजकूर जतन करायलाही थांबला नाही. आणि एकाएकी पडदा काळा झाला, डब्यातली घरघर विझली. वर पाहिले, तर छताचा पंखा आपला गरगरतो आहे. म्हणजे वीज गेलेली नव्हती. मागे वळलो, तर भिंतीवरच्या बटणांपाशी माय उभी.

इथे मायची एक सवय सांगितली पाहिजे. भिंतीवर लाल ठिपका दिसला, की ती बटण बंद करते. टीव्ही असो, मोबाईलची तार असो. बिलाची धास्ती तिला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त. तेव्हा माझा संशय अगदीच निराधार नव्हता. पण संशय वेगळा आणि तोंडातून गेलेला शब्द वेगळा. मी म्हणालो, "तुला वाचता येत नाही, म्हणून दुसऱ्याचं लिहिलेलं असं पुसायचं का?"

"म्या हात बी लावला नाई रं," एवढेच ती म्हणाली. त्या संध्याकाळी तिने आपली बाज स्वतः ओढत ओसरीवर नेली आणि त्या खोलीत पाऊल टाकणे बंद केले.

दुसऱ्या दिवशी काँप्युटर पुन्हा गेला. तेव्हा माय शेतात होती. खरे तर त्याच घटकेला शेताच्या वाटेला लागायला हवे होते. पण मास्तरकीच्या पेशात चूक दुसऱ्याच्या वहीत शोधायची सवय लागते, स्वतःच्या नाही. मी गप्प राहिलो आणि दोष काँप्युटरच्या पोटात शोधू लागलो.

सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणाले विषाणू शिरला, कुणी म्हणाले विंडोज नव्याने भरा, कुणी म्हणाले गावाचा दाबच कमी-जास्त होतो. शाळेतल्या एका सहकाऱ्याने त्याच्याच दप्तरात डोकावून पाहिले. काँप्युटर आपल्या बऱ्यावाईटाची रोजनिशी ठेवतो, हे मला तेव्हा कळले. त्या नोंदीत 'कर्नेल-पॉवर, 41' असे लाल खुणेने लिहिलेले होते. मी आशेने अर्थ विचारला. अर्थ असा, की यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झाले. का, ते नाही! हजेरीपटावर 'गैरहजर' लिहावे आणि मूल तापाने पडले आहे की आंब्यावर चढले आहे, याचा पत्ता नसावा, तसेच हे.

शेवटी डबा परभणीला एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. तिथे तो दिवसभर झाकण उघडून, कुलरच्या वाऱ्यात, एखाद्या गुणी बाळासारखा चालला. दवाखान्याच्या पायरीवर ताप उतरणारी मुले मी पाहिली आहेत. तरीही त्याने आतला पॉवर सप्लाय बदलून दिला. भिंतीतले 230 व्होल्ट घेऊन ते 12, 5 आणि 3.3 असे वाटून देणारी ही पेटी. ती थकली की काँप्युटर असाच झटक्यात बंद पडतो, तेव्हा त्याचा तर्क मूर्खपणाचा म्हणता येणार नाही. पैसे गेले, डबा घरी आला आणि दुसऱ्याच दुपारी पुन्हा न सांगता निघून गेला.

मग मी मास्तरासारखा वागलो. शंभर पानी वही घेतली आणि रकाने आखले: केव्हा लावला, केव्हा गेला, मध्ये किती मिनिटे. सकाळी सहाला लावला तर दोन तास चाले. दुपारी दोनला बारा मिनिटे. गेल्याबरोबर पुन्हा लावला तर तीन मिनिटांत जाई. तासभर विसावा दिला तर पुन्हा वीस-पंचवीस मिनिटे. बारा दिवस मी या नोंदी नेमाने केल्या. पण त्यांचा अर्थ काही मला लागला नाही.

तो लावला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने. मडके कधीच गोल न काढणारा हा मुलगा पुण्याला काँप्युटर दुरुस्त करतो. लग्नासाठी गावी आला होता. त्याने यंत्राकडे पाहिलेच नाही, आधी वही पाहिली. म्हणाला, "सर, हा तर तापाचा तक्ता आहे."

त्याने काँप्युटर सुरू करता करता एक कळ टकटक दाबली, तशी पडद्यावर निळी पाटी आली. तिच्यात आतल्या मेंदूचे तापमान दिसत होते. 64. 71. 83. आम्ही दोघे थर्मामीटरकडे पाहावे तसे पाहत होतो. 95 ला पडदा काळा झाला.

मग त्याने समजावले. काम करताना मेंदूची ती चकती तापते. तिच्यावर पत्र्याच्या पातळ पाकळ्यांचा एक ठोकळा बसवलेला असतो, तो उष्णता ओढून घेतो. आणि त्यावरचा छोटा पंखा ती उडवून लावतो. ही वाट बुजली आणि ताप मर्यादेबाहेर गेला, की यंत्र स्वतःच वीज तोडते. "रीतसर बंद व्हायला त्याला वेळच नसतो, सर. थांबला तर जळेल."

माझ्या मनात आले, म्हणजे 'येतो' म्हणण्याइतका श्वासही त्याच्यापाशी उरत नव्हता.

मग झाकण उघडले. पंखा सोडवून बाजूला केला, तर पाकळ्या दिसेचनात. त्यांच्यावर घोंगडीच्या तुकड्यासारखा एक करडा, घट्ट थर बसला होता. त्याने तो चिमटीने अख्खा उचलला. एव्हाना ओसरीवरून माय दारापर्यंत आली होती. आत नाही, उंबऱ्यापर्यंतच. तिने हात पुढे केला. त्या थरातली एक बट काढून, बाजारात धाग्याची लांबी पाहतात तशी दोन्ही चिमट्यांत धरून हळूच ओढली आणि म्हणाली, "हा तं आपलाच कापूस हाय."

पुढचे काम फारसे नव्हते. ब्रशने पाकळ्या झाडल्या, चकतीवरचा वाळलेला लेप पुसून नवा लावला, पंखा बसवला. डबा कापसाच्या ढिगापासून दूर, दाराजवळ आला. त्या दुपारी तो सलग चार तास चालला.

मी मात्र वही घेऊन बसलो होतो. मायला दिवाळीनंतर खोकला लागला होता. मी औषधाच्या दोन बाटल्या आणून दिल्या होत्या आणि विषय संपवला होता. ओसरीवर झोपायला गेल्यापासून तिचा खोकला बराच कमी झाला होता, आणि त्याचे श्रेय मी दुसऱ्या बाटलीला दिले होते. केव्हा लागला, केव्हा थांबला, मध्ये किती दिवस, याचा रकाना माझ्या वहीत नव्हता. मानवतच्या डॉक्टरांनी छाती तपासली. कापूस कुठे ठेवता, एवढा एकच प्रश्न त्यांनी विचारला.

त्याच आठवड्यात कापूस बाजारात नेला. भाव जानेवारीपेक्षा कमीच लागला. माय त्यावर काही बोलली नाही. रिकाम्या खोलीच्या भिंती तिने दोनदा झाडल्या आणि बाज पुन्हा कोपऱ्यात आणली.

आमच्या घरात माफी मागण्याची रीत नाही. त्यासाठी शब्दही नाहीत. चौदावे प्रकरण मी पुन्हा लिहिले. पहिल्या वेळेसारखे उतरले नाही, पण उतरले. एका रात्री मी ते मायला वाचून दाखवले. माझी कादंबरी तिने प्रथमच ऐकली. ती बाजेवर बसून, पदर तोंडाशी धरून, शेवटपर्यंत ऐकत राहिली. बराच वेळ गेल्यावर म्हणाली, "समदं बराबर हाय. पर त्येच्या तोंडात पाणी कुणी घातलं, त्ये नाई लिव्हलं."

मी त्या रात्री गावात नव्हतो. सकाळी पोचलो होतो. मी विचारले, "कुणी घातलं, माय?"

तिने सांगितले. तांब्या कोणता होता, कंदील कुठे टांगला होता, तेही सांगितले. मी टाइप करत गेलो. ती थांबली तेव्हा अकरा वाजून गेले होते. मग ती उठली, भिंतीवरच्या बटणांपाशी गेली आणि तिथे हात धरून उभी राहिली.

"झालं का? बंद करू?"

"थांब," मी म्हणालो आणि जतन करण्याची कळ दाबली.