परवानगी कोण देतं?

बालमित्रांनो, छत्रपती संभाजीनगरला येणारे पाहुणे वेरूळची लेणी बघतात, दौलताबादचा किल्ला चढतात, बीबी का मकबऱ्यापुढे फोटो काढतात आणि हिमरू शाल घेऊन परत जातात. आपण आज याच शहरात एक निराळी सहल करू. एकेकाळी इथे एका माणसाचं राज्य होतं, आज लोकांचं आहे. हा फरक कुठे कुठे दिसतो, ते शोधत फिरायचं.

मध्यवर्ती बसस्थानकावर उतरलं की जवळच सिद्धार्थ उद्यान. तिथे हुतात्मा स्मारक आहे. दर वर्षी १७ सप्टेंबरला तिथे झेंडा फडकतो. आता तुम्ही विचाराल, झेंडा तर १५ ऑगस्टला असतो ना? असतो, पण १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा आपला मराठवाडा स्वतंत्र झालाच नव्हता. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे हैदराबाद संस्थानात होते आणि तिथे निजाम मीर उस्मान अली खान याची सत्ता होती. आपल्याला आणखी तेरा महिने वाट पाहावी लागली.

निजामाच्या राज्यात सगळंच वाईट होतं का? नाही. मनमाडहून इथे येणारी रेल्वे त्याच राजवटीतली. उस्मानिया विद्यापीठही १९१८ सालचं. पण नीट बघा हं, शिक्षण होतं ते उर्दूतून, आणि मराठवाड्यातल्या बहुतेक घरांत बोलत मराठी! आम्हांला आमच्या भाषेत शिकवा, असं सांगायचं तर सभा घ्यायला हवी. सभेसाठी सरकारची परवानगी हवी. तसा हुकूमच होता, 'गश्ती ५३' नावाचा. आणि परवानगी नाकारली तर दाद मागायची कुणाकडे? शेवटचा शब्द निजामाचाच!

आता किलेअर्क भागात चला. इथलं शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय म्हणजे त्या वेळचं इंटरमिजिएट कॉलेज. नोव्हेंबर १९३८ मध्ये इथल्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहात प्रार्थना म्हणून 'वंदे मातरम्' म्हटलं. अधिकाऱ्यांनी बंदी घातली. मुलं हटली नाहीत. ही चळवळ इथून हैदराबादला पोचली आणि शेकडो विद्यार्थ्यांची नावं कॉलेजातून काढून टाकण्यात आली. गाणं म्हटल्याबद्दल एवढी शिक्षा! अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. या चळवळीतला एक विद्यार्थी पुढे, १९९१ मध्ये, भारताचा पंतप्रधान झाला. त्यांचं नाव पी. व्ही. नरसिंह राव.

याच १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ आणि त्यांचे सहकारी लढत राहिले. शेवटी तर कासिम रझवीच्या रझाकारांनी गावोगावी लूट आणि जाळपोळ मांडली. पण ही भांडणं हिंदू-मुसलमानांची होती, असं समजू नका बरं का. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध निर्भीडपणे लिहिलं, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. लढा होता तो एकाच्या मर्जीवर चालणाऱ्या सत्तेशी. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजाम शरण आला.

आता क्रांती चौकात येऊ. छत्रपती शिवाजी महाराजांचा उंच अश्वारूढ पुतळा इथे आहे. कधी शेतकरी, कधी अंगणवाडीताई, कधी विद्यार्थी इथे जमतात आणि घोषणा देत दिल्ली गेटजवळच्या विभागीय आयुक्तांच्या कार्यालयाकडे निघतात. रस्ता अडतो, रिक्षावाले वैतागतात. हा गोंधळ म्हणजे लोकशाहीचा आवाज!

इथे एखादा चौकस विद्यार्थी नक्की विचारेल, "सर, मोर्चाला आजही पोलिसांची परवानगी लागतेच की! मग फरक काय?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. उत्तर जालना रस्त्यावर आहे. तिथे मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे, १९८१ मध्ये सुरू झालेलं. आज सरकारने परवानगी नाकारली तर साधा माणूससुद्धा इथे येऊन विचारू शकतो, का नाकारली? आणि सरकारला कारण सांगावं लागतं. ते कारण पटण्याजोगं नसेल तर न्यायाधीश हुकूम फिरवू शकतात. फरक आहे तो हाच. राजाने दिलेली सवलत म्हणजे दान. दान कधीही काढून घेता येतं. संविधानाने दिला तो हक्क.

म्हणजे लोकशाहीत सरकार चुकत नाही का? चुकतं की! जून १९७५ मध्ये देशात आणीबाणी आली. वर्तमानपत्रांवर बंधनं घातली गेली, विरोधी नेते तुरुंगात गेले. त्या वेळी हक्कही सहज हिरावले जातात, हे लोकांनी पाहिलं. पण १९७७ मध्ये निवडणूक झाली आणि लोकांनी नुसत्या मतपत्रिकेवर शिक्के मारून ते सरकार बदललं. निजामाला हटवायला फौज आणावी लागली होती. इथे मतपेटी पुरली.

पालकांनो, ही सहल मुलांना जरूर घडवा. आणि मुलांनो, तुम्ही अजून मत देऊ शकत नाही, पण प्रश्न विचारू शकता. शाळेसमोरचा खड्डा का बुजत नाही, नळाला पाणी इतक्या दिवसांनी का येतं, हे लिहून महानगरपालिकेला पत्र पाठवा. खाली सगळ्यांनी सह्या करा. त्या पत्रासाठी कुणाचीही परवानगी लागत नाही!