आमची मोटार आणि काकतालीय न्याय

कावळा ताडावर बसावयास आणि फळ पडावयास एकच गाठ पडली, एवढ्यावरून कावळ्याच्या भाराने फळ पडले असे मानू नये, हा काकतालीय न्याय आम्ही अनेक वर्षे मुलांस शिकविला. आम्हांस मात्र तो एका मोटारीने शिकविला. ती हकीकत वाचकांस सांगावीशी वाटते. कारण तीत आमच्या हातून एका कष्टाळू माणसावर अन्याय झाला.

गोष्ट १९९८ सालची. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली आमच्या थोरल्या बंधूंची प्रीमियर पद्मिनी तेव्हा घरात होती. तिचे इंजिन फार धूर ओकू लागले, म्हणून साताऱ्यातील एका मिस्त्रींकडून त्याच बनावटीचे, पण सुस्थितीतील दुसरे इंजिन बसवून घेतले. नोंदणी-पुस्तकात नवा क्रमांकही रीतसर चढविला. गाडी गावात उत्तम चाले. परंतु वाईच्या वाटेस लागली की पंधरा-वीस किलोमीटरांवर ती आचके देई आणि बंद पडे. अर्धा तास स्वस्थ बसावे, की पुन्हा सुरू! एके दिवशी आजारी वहिनींस घेऊन जात असता वैशाखाच्या उन्हात ती अशीच रस्त्यात थांबली. वहिनींचे झालेले हाल पाहून आमचा तोल गेला. इंजिन बदलले आणि व्याधी जडली. तेव्हा दोष इंजिनाचाच, असा निवाडा करून आम्ही मिस्त्रींचे राहिलेले पंधराशे रुपये अडकवून ठेवले व चार माणसांत त्यांस नाही नाही ते बोललो.

मिस्त्री एवढेच म्हणाले, "मास्तर, इंजिन दणकट आहे. त्याला पेट्रोल पोचत नाही. एकदा मला बरोबर घेऊन चला."

त्याप्रमाणे निघालो. गाडी बंद पडताच त्यांनी कार्बुरेटरला येणारी नळी सोडवून बाटलीत धरली आणि इंजिन फिरवावयास सांगितले. धार येण्याऐवजी थेंब पडले. पंप उघडला, आतील पडदा धड, झडपा स्वच्छ. उष्णतेने पेट्रोलची वाफ होत असेल म्हणून पंपावर ओले फडके ठेवले, फरक नाही. मग पंपाची ओढून घेणारी नळी त्यांनी निराळ्या डब्यातील पेट्रोलात बुडविली. इंजिन एकही आचका न देता चालू राहिले! डबा असता दोष नाही, टाकी जोडली असता दोष आहे. ज्यास आम्ही वर्गात अन्वय-व्यतिरेक म्हणत असू, तो हा माणूस रस्त्याच्या कडेला गुडघे टेकून करीत होता. पंप आणि इंजिन निर्दोष ठरले. दोष टाकीकडे उरला.

नळी पूर्ववत जोडून गाडी पुढे नेली. ती पुन्हा थांबताच मिस्त्रींनी मागे जाऊन टाकीचे टोपण फिरविले. 'फुस्स' करून हवा आत शिरली, आणि गाडी तत्क्षणी सुरू झाली.

कारण आमच्या गृहिणींस ठाऊक असलेलेच आहे. तेलाच्या बंद डब्यास एकच भोक पाडले तर तेल धड पडत नाही; दुसरे पाडावे, तेव्हा धार लागते. पंप पेट्रोल ओढतो असे आपण म्हणतो. वस्तुतः पंप आपल्या पोटात पोकळी करतो, आणि टाकीतील हवेचा दाब पेट्रोलास तिकडे ढकलतो. आपण हवेच्या सागराच्या तळाशी राहतो, असे टॉरिचेलीने १६४४ साली एका पत्रात लिहिले, ते याच दाबाविषयी. टाकीतून पेट्रोल गेले, पण त्याच्या जागी हवा आली नाही, तर आतला दाब घटत जातो आणि पंपाचे काही चालेनासे होते. गाडी उभी राहिली की फटीफटींतून थोडी हवा झिरपते, म्हणून ती पुन्हा चाले.

टाकीस हवेसाठी एक बारीक नळी होती. तिच्यात कुंभारीण माशीने मातीचे घर केले होते.

"पण मग इतके दिवस गाडी कशी चालली?" आम्ही विचारले.

"जुनं टोपण सैल होतं, त्यातून हवा जायची. हे घट्ट टोपण कुणी बसवलं?"

आम्ही गप्प झालो. पेट्रोलचा वास येतो म्हणून, इंजिन बदलले त्याच आठवड्यात, बाजारातून चांगले घट्ट टोपण आणून ते आम्हीच स्वहस्ते बसविले होते, आणि त्याचा आम्हांस थोडा अभिमानही होता! दोन गोष्टी एकाच आठवड्यात बदलल्या. पैकी दुसऱ्याने केलेली तेवढी आम्हांस दिसली.

मिस्त्रींनी तारेने नळी मोकळी केली. त्याच सायंकाळी आम्ही पंधराशे रुपये घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि ज्या चौघांसमक्ष बोललो होतो, त्यांच्यासमक्ष क्षमा मागितली. त्यांनी पैसे मोजले नाहीत. पोरास चहा आणावयास पिटाळले.

असो. ती गाडी पुढे विकली. मिस्त्रींशी घरोबा मात्र राहिला. घरात काही बिघडले आणि कोणा एकाकडे बोट गेले, म्हणजे आजही आम्ही प्रथम स्वतःस विचारतो: त्या आठवड्यात आपण कोणते टोपण घट्ट केले?